दोन नावांची स्टेशने

आपल्या भाषेत 'यात्रा' आणि 'प्रवास' हे शब्द शेजारी शेजारी नांदत आले असले, तरी दोहोंमागची तयारी एक नव्हे. काशीयात्रेला निघालेला माणूस वाट आखीत बसत नसे. ती त्याच्या आधीच्या दहा पिढ्यांनी आखून ठेवलेली असे. कुठल्या गावी मुक्काम करायचा, कुठल्या घाटावर पिंडदान करायचे, कुणाच्या वाड्यात उतरायचे, हे सारे ठरलेले. काशीत उतरताच क्षेत्रोपाध्याय वही काढून खापरपणजोबांची सही दाखवी. इंदूर-महेश्वरच्या अहिल्याबाई होळकरांनी बांधलेले घाट, धर्मशाळा आणि अन्नछत्रे वाटेवर भेटत. रोख रक्कम कमरेला बांधून चोरांना आमंत्रण देण्यापेक्षा पुण्याच्या सावकाराकडून हुंडी घ्यावी आणि ती काशीच्या पेढीवर वटवावी, अशी सोय होती. यात्रेकरूला मुलूख अनोळखी असे, पण मुलखाला यात्रेकरू अनोळखी नसे.

ही व्यवस्था कोलमडली म्हणजे काय होते, ते वरसईच्या विष्णुभट गोडसे यांच्या हकिकतीत आपण वाचलेले आहे. मथुरेत बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार, ही वार्ता ऐकून दक्षिणेच्या आशेने ते चुलत्याबरोबर १८५७ च्या प्रारंभी उत्तरेकडे निघाले आणि बंडाच्या धामधुमीत सापडले. १८५८ चा झाशीचा वेढा त्यांनी शहराच्या आत राहून पाहिला. ठरवले होते एक, घडले भलतेच. त्यांचे 'माझा प्रवास' हे पुस्तक चिंतामण विनायक वैद्य यांनी १९०७ साली प्रसिद्ध केले. गोडसे भटजी निघाले ते यात्रेला. त्या यात्रेचा प्रवास झाला तो वाट मोडल्यामुळे.

वाट आधीपासून ठरलेली नाही, धर्मकृत्य नाही, व्यापार नाही, नोकरी नाही; केवळ पाहण्यासाठी परक्या देशातील पाच-सात गावे निवडायची, त्यांचा क्रम लावायचा, मुक्काम ठरवायचे आणि ठरल्याप्रमाणे परत यायचे, ही कल्पना फार जुनी नाही. तिला इतिहास आहे, आणि तो मला राजेरजवाड्यांच्या लढायांइतकाच रंजक वाटतो.

अठराव्या शतकातील इंग्रज उमराव आपल्या मुलाला शिक्षण पुरे झाले की युरोपच्या 'ग्रँड टूर'ला धाडी. बरोबर शिक्षक, नोकर आणि ओळखपत्रांची थैली. पॅरिस, जिनिव्हा, फ्लॉरेन्स, रोम असे करीत वर्ष-दोन वर्षे जात. पैशाची अडचण त्यांनाही आपल्याचसारखी होती. लंडनचा एक पेढीवाला रॉबर्ट हेरिस याने १७७२ च्या सुमारास 'सर्क्युलर नोट' काढली. युरोपातील अनेक शहरांत ती दाखवून तिथले नाणे घेता येई. आपल्या हुंडीची ही दूरची चुलत बहीणच. फरक इतकाच, की हुंडी एका ठरलेल्या पेढीवर काढलेली असे, तर ही नोट प्रवाशाने वाटेत बेत बदलला तरी चाले. बेत बदलण्याची मुभा हीच प्रवाशाला यात्रेकरूपासून वेगळी करणारी गोष्ट.

उमरावांच्या मागोमाग मध्यमवर्ग निघाला. त्याच्याकडे ना शिक्षक, ना नोकर, ना दोन वर्षे. त्याला हवे होते पुस्तक. लंडनच्या जॉन मरे या प्रकाशकाने १८३६ साली युरोप खंडातील प्रवाशांसाठी 'हँडबुक' काढले आणि १८३८ मध्ये स्वित्झर्लंडचे. जर्मनीत कोब्लेंट्सच्या कार्ल बेडेकरने त्याच धर्तीवर पण अधिक काटेकोर पुस्तके काढली. त्याचे स्वित्झर्लंड १८४४ सालचे. पुढे त्याच्या पुस्तकांचे लाल कापडी पुठ्ठे इतके प्रसिद्ध झाले, की 'बेडेकर' हे मार्गदर्शक पुस्तकाचे सामान्यनामच बनले. न चुकता पाहावे अशा ठिकाणापुढे तारा छापण्याची पद्धत त्यानेच रूढ केली. मिलानच्या चर्चच्या पायऱ्या चढताना हा गृहस्थ दर वीस पायऱ्यांगणिक एक वाटाणा एका खिशातून दुसऱ्या खिशात टाकीत होता, अशी आख्यायिका सांगतात. आकडा चुकू नये म्हणून! खाणावळीत दर काय, वाटाड्याला किती द्यावे, कुठे फसवतात, हे सारे त्यात असे. वाटाड्याच्या मुठीतून प्रवाशाची सुटका व्हावी, हा बेडेकरचा हेतू. मरे मंडळींनी १८५९ साली आपल्या मुंबई इलाख्याचेही हँडबुक काढले. एडवर्ड ईस्टविक हा त्याचा कर्ता.

तिसरी गरज वेळापत्रकाची. आगगाड्या सुरू झाल्या तेव्हा प्रत्येक कंपनीचे वेळापत्रक निराळे. मँचेस्टरचा नकाशे कोरणारा जॉर्ज ब्रॅडशॉ याने १८३९ मध्ये ती एकत्र छापायला सुरुवात केली आणि १८४७ मध्ये युरोप खंडाची आवृत्ती काढली. पुस्तक, हुंडी आणि वेळापत्रक, ही प्रवासाच्या आखणीची तीन पाती. आज तिन्ही एका मोबाईलमध्ये सामावली आहेत, पण तीन कामे तीनच राहिली.

या तिन्हींचा भार प्रवाशाच्या डोक्यावरून उतरवून स्वतःच्या डोक्यावर घेणारा माणूस म्हणजे थॉमस कुक. जन्म १८०८, धंदा सुतारकामाचा, वृत्ती धर्मोपदेशकाची आणि ध्यास दारूबंदीचा. ५ जुलै १८४१ रोजी त्याने सुमारे पाचशे माणसे माणशी एक शिलिंग घेऊन लेस्टरहून लफबरोला दारूबंदीच्या सभेला आगगाडीने नेली. अंतर अकरा मैल. बेळगावहून सुळेभावीला जाऊन यावे तसा प्रकार! दारूच्या गुत्त्यापासून लोकांना दूर न्यायचे तर त्यांना दुसरे काही तरी पाहायला दिले पाहिजे, हा त्याचा विचार. पुढे १८५५ साली त्याने युरोप खंडात सहल काढली आणि १८६३ साली स्वित्झर्लंडची.

या स्वित्झर्लंडच्या सहलीची हकिकत आपल्याला तपशिलाने कळते ती एका बाईमुळे. यॉर्कशरमधील सेल्बी गावची जेमायमा मॉरेल ही एकतीस वर्षांची अविवाहित स्त्री आपला भाऊ आणि मित्रमंडळी मिळून सात जणांच्या गटाने कुकबरोबर निघाली. गटाला त्यांनी थट्टेने 'ज्युनिअर युनायटेड अल्पाइन क्लब' असे भारदस्त नाव ठेवले होते. जेमायमाने रोजनिशी लिहिली. ती पुढे हरवली आणि दुसऱ्या महायुद्धानंतर लंडनमधील पडक्या इमारतींच्या ढिगाऱ्यात एका पत्र्याच्या पेटीत सापडली. १९६३ मध्ये, बरोबर शंभर वर्षांनी, ती छापली गेली.

त्यांचा मार्ग पाहा. २६ जून १८६३ ला लंडन सोडले. न्यूहेवनहून बोटीने दिएप, तिथून पॅरिस, पॅरिसहून जिनिव्हा. मग शामोनी, तिथल्या हिमनदीवरून चाल. मार्टिनी, सिओन, लॉयकरबाड. तिथून साडेसात हजार फुटांवरील गेम्मी खिंड ओलांडून कांडरश्टेग. पुढे इंटरलाकेन, ग्रिंडेलवाल्ड, लूसर्न, रिगीच्या माथ्यावरून सूर्योदय, न्यूशातेल आणि परत पॅरिस. अवघे तीन आठवडे. आगगाडी अर्ध्या वाटेपुरतीच. बाकी घोड्याची टपालगाडी, खेचर, बोट आणि स्वतःचे पाय. पहाटे चारला उठायचे, न्याहारीपूर्वी काही मैल तोडायचे, असा रोजचा शिरस्ता. पायघोळ पोलक्या-झग्यांतल्या त्या बायका बर्फावरून चालल्या. आपल्या आज्यांनी लुगड्याचा काचा मारून ब्रह्मगिरीची प्रदक्षिणा केली, त्या जातीचे हे धाडस. कुक स्वतः काही टप्प्यापर्यंतच बरोबर होता. पुढची वाट गटाने त्याने आखून दिल्याबरहुकूम आपली आपण काढली. आखणी पक्की असेल तर आखणारा बरोबर असायलाच हवा असे नाही, हे त्या सहलीने सिद्ध केले.

त्यानंतर कुकने १८६८ साली हॉटेलची कुपने काढली आणि १८७४ मध्ये स्वतःची सर्क्युलर नोट. १८७२-७३ मध्ये त्याने २२२ दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा घडवली. त्या फेरीत हिंदुस्थानही होते. १८७३ पासून त्याच्या कंपनीचे युरोपीय रेल्वे वेळापत्रक निघू लागले, ते ऑगस्ट २०१३ पर्यंत त्याच नावाने निघत होते. मूळची इंग्लंडमधील कंपनी मात्र २३ सप्टेंबर २०१९ रोजी बुडाली आणि जगभर तिचे लाखो प्रवासी जिथल्या तिथे अडकले. त्याच नावाची आपल्याकडील कंपनी तोवर वेगळ्या मालकीची झाली होती, ती चालू राहिली.

हा इतिहास मी उगाच चाळलेला नाही. येत्या उन्हाळ्यात आम्ही उभयता आणि माझे बडोद्याचे साडू-मेहुणी असे चौघे स्वित्झर्लंडला जायचे म्हणतो आहोत. माझा एक जुना विद्यार्थी सहलींचा व्यवसाय करतो. त्याच्या कानावर हे गेले तसा तो घरी आला.

"सर, तुम्ही कशाला त्रास घेताय? दहा दिवसांत सहा देश दाखवून आणतो. रोज रात्री वरण-भात. तुम्ही फक्त बॅग भरायची."

"अरे, सहा देश दहा दिवसांत म्हणजे बसची खिडकीच बघायची की!"

"पण सर, भाषेची अडचण येईल तुम्हाला."

"आमच्या जिल्ह्यातल्या माणसाला भाषेची अडचण? वर्गात मराठी, बाजारात कन्नड, कचेरीत इंग्रजी आणि दूरदर्शनवर हिंदी. चारांत पाचवी!"

तो हसला, चहा घेतला आणि जाताना म्हणाला, "सर, विम्याचे आणि व्हिसाचे काम तरी माझ्याकडे द्या." ते मी दिले आहे. सहल कंपन्यांची टवाळी करण्याचा माझा हेतू नाही. ज्यांना गुडघे साथ देत नाहीत, ज्यांना इंग्रजीची भीती वाटते, अशा हजारो मराठी माणसांना या कंपन्यांनी जग दाखवले. कुकने गिरणी कामगारांना जे दिले तेच त्यांनी आमच्या निवृत्त कारकुनांना दिले. परंतु आखणीतच जो अभ्यास आहे, तो दुसऱ्याच्या हाती सोपवला की प्रवासाचा निम्मा लाभ गेला, असे माझे इतिहासाच्या शिक्षकाचे मत आहे.

व्हिसाचा नियमसुद्धा आखणीचाच धडा आहे. स्वित्झर्लंड युरोपीय संघात नाही, पण १२ डिसेंबर २००८ पासून शेंगेन व्यवस्थेत आहे. अनेक देश हिंडायचे असतील तर ज्या देशात जास्त दिवस राहणार त्याच्याकडे अर्ज करायचा. दिवस सारखेच असतील तर ज्या देशात प्रथम पाऊल टाकणार त्याच्याकडे. त्यामुळे अर्ज भरण्याआधीच मुक्काम मोजावे लागतात. जेमायमाच्या काळी इंग्रज प्रवाशाला फ्रान्समध्ये शिरायला पासपोर्टची सक्ती राहिलेली नव्हती. आजचा पासपोर्टचा काच हा पहिल्या महायुद्धानंतरचा. १९२० च्या पॅरिस परिषदेने त्याला एकसारखे रूप दिले.

आता मुलखाकडे वळू. स्वित्झर्लंडचे क्षेत्रफळ ४१,२८५ चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या बेळगाव जिल्ह्याच्या सुमारे तिप्पट. त्यात २६ कँटन, म्हणजे आपल्या भाषेत राज्येच म्हणा. १८४८ च्या आधी प्रत्येकाचे नाणे, मापे आणि जकात निराळी. नोव्हेंबर १८४७ मध्ये त्यांच्यात यादवी झाली. ती महिन्याच्या आत आटोपली आणि सुमारे शंभर माणसे कामी आली. त्यानंतर सप्टेंबर १८४८ ला संघराज्याची घटना आली, पुढच्याच वर्षी एकच टपालखाते झाले, १८५० मध्ये फ्रँक हे एकच नाणे आले. म्हणजे जेमायमा गेली तेव्हा हे एकत्र राष्ट्र अवघे पंधरा वर्षांचे होते!

अशा देशाची सहल आखणे आज सोपे झाले आहे, त्याचे श्रेय डोंगरांना नव्हे, वेळापत्रकाला. २३ मे १९८२ पासून स्विस रेल्वेने ठरावीक तालाचे वेळापत्रक सुरू केले: मुख्य मार्गांवर दर तासाला, त्याच मिनिटाला गाडी. सकाळी ९ वाजून ४ मिनिटांनी गाडी असेल तर १०, ११, १२ वाजून ४ मिनिटांनीही असणारच. मग त्यांनी पुढची पायरी गाठली. मोठ्या जंक्शनवर सगळ्या दिशांच्या गाड्या तासाच्या ठोक्याआधी थोड्या येतील आणि ठोक्यानंतर थोड्या सुटतील, म्हणजे कुठूनही आलेल्या माणसाला कुठलीही गाडी मिळावी. यासाठी दोन जंक्शनांमधले अंतर तासाच्या किंचित आत तोडता आले पाहिजे. गाडी जमेल तेवढी वेगाने न्यायची नाही, गरजेपुरती वेगाने न्यायची, हे त्यांचे सूत्र. बर्न ते झुरिक हे अंतर तासाच्या आत आणण्यासाठी त्यांनी नवा मार्ग बांधला आणि डिसेंबर २००४ मध्ये ते साधले. या योजनेला लोकांनी १९८७ साली मतदानाने मान्यता दिली होती. रेल्वेचे वेळापत्रक मतदानाला टाकणारा देश!

प्रवास आखणाऱ्याने यातून घ्यायचे ते हे: गावे निवडू नका, गाठी निवडा. रोज पेटी उचलून नवे हॉटेल गाठण्यापेक्षा जिथे सगळ्या दिशांच्या गाड्या जुळतात अशा तीन-चार ठिकाणी मुक्काम करावा आणि आजूबाजूची गावे दिवसा पाहून रात्री परतावे. आम्ही बारा दिवसांसाठी बर्न, लूसर्न, बेलिन्झोना आणि खूर अशा चार गाठी ठरवल्या आहेत. नकाशावर पाहिले तर एक साधी वेलांटी होते. कुठेही उलट फिरावे लागत नाही.

पण या चार गाठी मी केवळ गाड्यांसाठी निवडल्या नाहीत. स्वित्झर्लंडमध्ये राष्ट्रीय भाषा चार. १८४८ च्या घटनेने जर्मन, फ्रेंच आणि इटालियन या तीन मानल्या. २० फेब्रुवारी १९३८ च्या लोकमताने रोमान्श ही चौथी मानली गेली, जी लोकसंख्येत शंभरात एकाचीही मातृभाषा नाही. बहुसंख्य कँटन एकभाषी आहेत. बर्न, फ्रिबूर आणि व्हाले हे तीन द्विभाषी, आणि ग्राउब्युंडन त्रिभाषी. जेमायमाचा मार्ग पुन्हा पाहा: सिओनहून लॉयकरबाडला जाताना तिने फ्रेंच मुलखातून जर्मन मुलखात पाऊल टाकले, तेही त्याच एका व्हाले कँटनमध्ये. आम्हा सीमाभागातील माणसांनी पाहावे असे या देशात काय असेल, तर हिमशिखरांहून आधी हेच.

फ्रिबूर हे गाव सारीन नदीवर आहे. जर्मन भाषक तिला झाने म्हणतात. 'दिलवाले दुल्हनिया ले जाएंगे' या १९९५ च्या चित्रपटाचे काही चित्रण ज्या झानेन-ग्श्टाड भागात झाले, तिथून वाहत येणारी हीच नदी. आमच्याकडचे हौशी प्रवासी त्या पुलावर फोटो काढतात आणि परततात. नदी मात्र पुढे जाऊन दोन भाषांमधली रेघ बनते. फ्रिबूरच्या खालच्या जुन्या पेठेत एके काळी गरीब कामकरी लोकांची 'बोल्झ' नावाची मिश्र बोली होती; निम्मी फ्रेंच, निम्मी स्विस-जर्मन. हे वाचले तेव्हा मला आपल्या शहापूर-वडगावच्या विणकर गल्ल्या आठवल्या, जिथे 'काय की रे', 'हो की, बे' असे हेल ऐकू येतात आणि मराठी वाक्यात कन्नड क्रियेची लकब सहज मिसळते. पंडितांनी अशा बोलीला कधी मान दिला नाही. पण दोन भाषांमध्ये भिंत नसून उंबरा असतो, याचा पुरावा त्या गल्लीतच सापडतो.

या फ्रिबूरच्या रेल्वे स्टेशनावर कैक वर्षे फक्त फ्रेंच नाव होते. जर्मन भाषकांची मागणी होती की 'फ्रायबुर्ग' हेही लिहावे. वाद लांबला, अखेर २०१२ साली दोन्ही नावांची पाटी लागली. त्याहून पुढचे उदाहरण बील गावाचे. फ्रेंचमध्ये त्याला बिएन म्हणतात आणि अधिकृत नावातच मध्ये तिरकी रेघ घालून दोन्ही नावे लिहितात. रस्त्यांच्या पाट्या दोन भाषांत. तिथला एक अलिखित रिवाज प्रसिद्ध आहे: दोन माणसे भेटली की जो आधी बोलेल त्याच्या भाषेत दुसऱ्याने उत्तर द्यायचे. कायद्याने हे होत नाही, शेजाराने होते.

आता एवढे वाचून कुणाला वाटेल की तो देश म्हणजे भाषांचे नंदनवन. तसे मुळीच नाही, आणि म्हणूनच आखणीत मी मूतिए हे एक छोटे गाव मुद्दाम घातले आहे. बेडेकरचा तारा त्याला बहुधा कधी मिळाला नसेल. बीलहून गाडीने अर्ध्या तासाच्या आत तिथे जाता येते.

१८१५ साली व्हिएन्ना परिषदेत ज्युरा हा फ्रेंच भाषक डोंगरी मुलूख जर्मन भाषक बर्न कँटनला जोडून दिला गेला. लोकांना विचारले नव्हते. शंभर-सव्वाशे वर्षे कुरबूर चालली आणि दुसऱ्या महायुद्धानंतर चळवळ पेटली. १९६० च्या दशकात जाळपोळ आणि स्फोटही झाले. शेवटी मतदान ठरले, आणि तेही एकदा नव्हे, पायरीपायरीने. २३ जून १९७४ रोजी सबंध ज्युराने वेगळ्या कँटनच्या बाजूने कौल दिला. मग १९७५ मध्ये दक्षिणेकडील तालुक्यांना पुन्हा विचारले. ते बहुतांश प्रोटेस्टंट, त्यांनी भाषा फ्रेंच असूनही बर्नमध्येच राहणे पसंत केले. त्यानंतर सीमेवरच्या गावांना, गावागणिक, विचारले. २४ सप्टेंबर १९७८ ला साऱ्या देशाने मतदान करून मान्यता दिली आणि १ जानेवारी १९७९ ला ज्युरा हे कँटन जन्मले. लाउफेन हा जर्मन भाषक भाग यामुळे बर्नपासून तुटून पडला; तो १९९४ मध्ये बाझेल-लांड कँटनमध्ये गेला, तोही मतदानानेच.

मूतिए मात्र दुभंगलेले राहिले. १९७५ मध्ये थोड्या मतांनी बर्नकडे. १८ जून २०१७ ला पुन्हा मतदान, यावेळी थोड्या मतांनी ज्युराकडे. पण गैरप्रकारांच्या तक्रारींवरून ते रद्द झाले. २८ मार्च २०२१ ला तिसऱ्यांदा मतदान, सुमारे ५५ टक्के ज्युराच्या बाजूने. १ जानेवारी २०२६ पासून हे गाव ज्युरात आहे. एका गावाला शेजारच्या कँटनमध्ये जायला पिढ्या लागल्या. तिथेही घराघरांत भांडणे झाली, भाऊ भावाशी बोलेनासा झाला. पण प्रश्न पुन्हा विचारता येतो, ही वाट उघडी राहिली.

आपला इतिहास निराळ्या वाटेने गेला. १ नोव्हेंबर १९५६ ची राज्यपुनर्रचना, १९६६ साली नेमलेला महाजन आयोग आणि त्याचा १९६७ चा अहवाल, २००४ साली महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेला दावा. वर्षे सांगितली तरी या भागातील वाचकाला सारा पट दिसतो. १ नोव्हेंबर २०१४ पासून शहराचे अधिकृत नाव बेळगावी झाले. आपल्या तोंडी ते बेळगाव आहे, कन्नड शेजाऱ्याच्या तोंडी बेळगावी, इंग्रजांच्या कागदांत बेलगाम. तिन्ही नावे एकाच किल्ल्याची, एकाच पावसाची आणि एकाच कुंद्याची! यातली कुठली खरी हा प्रश्न मी वर्गात विचारीत नाही. तिन्ही वाचता येतात का, एवढेच विचारतो. दुर्दैवाने दर वर्षी हो म्हणणारे हात कमी होत चालले आहेत. मराठी शाळेतील मुलाला कन्नड जड जाते, कन्नड शाळेतील मुलाला मराठी नकोशी होते आणि दोघांचेही पालक मग दोन्ही शाळांतून नाव काढून इंग्रजी शाळेत घालतात. वाद पाटीवर राहतो. पाटी वाचणारा उरत नाही.

स्विस माणसाचेही पाय मातीचेच आहेत. झुरिकच्या शाळांत फ्रेंच आधी शिकवावी की इंग्रजी, यावर तिकडेही कडाक्याचे वाद झालेले आहेत. शेजाऱ्याची भाषा सोडून तिसरीच्या आधाराने एकमेकांशी बोलायची, हा मोह तिकडेही आहे. म्हणून त्यांच्याकडून उपाय आयात करता येईल असे मी म्हणत नाही. परंतु १८६३ मध्ये इंग्रज बाई खेचरावरून भाषेची रेघ ओलांडून गेली तेव्हा तिला शिखरे दिसली, रेघ दिसली नाही. आपल्या माणसाला ती रेघ दिसेल, कारण आपण तसल्याच रेघेवर जन्मलो आहोत. प्रत्येक प्रवासी परक्या देशात आपल्याच गावचा चष्मा लावून जातो. आपला चष्मा या एका बाबतीत फार उपयोगाचा आहे.

ज्यांना असा प्रवास आखायचा आहे त्यांच्यासाठी चार व्यवहाराच्या गोष्टी. आधी नकाशा घ्या, मग कॅलेंडर, सगळ्यात शेवटी पैशाचा हिशेब. क्रम उलटा केला की सहल स्वस्त होते, पण कशासाठी निघालो ते हरवते. पहिला दिवस मोकळा ठेवा, कारण शरीर उशिरा पोहोचते. डोंगरावर जायचा दिवस पक्का न ठरवता दोन-तीन दिवसांपैकी ज्या दिवशी आभाळ उघडेल तो घ्या. रिगीवर १८७१ पासून दाते असलेली डोंगरगाडी चढते, तेव्हा जेमायमासारखी चढण चढावी लागणार नाही, पण ढगांवर कुठल्याही रेल्वेचे वेळापत्रक चालत नाही. लूसर्नकडून बेलिन्झोनाला जाताना २०१६ साली खुला झालेला ५७ किलोमीटरचा नवा बोगदा वीसेक मिनिटांत पार होतो; आम्ही मात्र एकदा तरी १८८२ च्या जुन्या बोगद्याने जाणार आहोत. पंधरा किलोमीटरच्या अंधारात शिरताना गाव जर्मन असते आणि पलीकडे उजेडात येताच आयरोलो स्टेशनची पाटी इटालियन.

आणि पाचवी गोष्ट, जी कुठल्याही पुस्तकात छापलेली नसते. बेतात एक गाव असे असू द्या, जे तुमच्या शेजाऱ्याने पाहिलेले नाही, ज्याचा फोटो कुणाला दाखवून कौतुक होणार नाही, पण ज्याच्याकडे तुमचा स्वतःचा काही प्रश्न आहे. आमच्या बाराव्यांपैकी तिसरा दिवस मूतिएचा आहे. पाहण्यासारखे तिथे फारसे काही नाही, असे साडूंनी बडोद्याहून फोनवर दोनदा बजावले. मी त्यांना म्हटले, "अहो, तुम्ही बर्नमध्येच अस्वले बघत बसा. मी आणि ही जाऊन येतो. संध्याकाळच्या जेवणाला परत." गाड्या तासाला आहेत, त्यामुळे शब्द पाळता येईल.